शेवंडीच्या पोटाखालचा केशरी रंग : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना नागपुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात आलेले विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : पर्यटकांच्या बोटींवरून होणारी शेवंडीची (लॉब्स्टरची) मासेमारी नियमाखाली आणण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद झाले, यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघू लागले, म्हणजे आपण सगळे नागपुरात आलात हे आम्हाला कळतं. कापूस, सोयाबीन, धान, भरती, पेन्शन असे आमचे खूप प्रश्न आहेत आणि ते घेऊन लोक मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत येतीलच. मी ज्याबद्दल लिहिते आहे त्याचा मोर्चा नागपुरात निघायचा नाही. म्हणून हे पत्र.

मी महालात राहते. गेली चौदा वर्षं नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या माणसांना कोकणात फिरायला नेते. वर्षाला सहा-सात गट होतात. नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळला उतरायचं, तिथून मालवण, तारकर्ली, देवबाग. माझ्याबरोबर येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जणांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो. साठीची बाई चप्पल हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभी राहते आणि अर्धा तास हलत नाही, हे मी किती तरी वेळा पाहिलंय. माझं घर या धंद्यावर चालतं. म्हणून मी जे मागणार आहे ते पर्यटन बंद करा असं नाही, हे आधीच सांगते.

या सहलींसाठी मी जे पत्रक छापते त्यात पाच वर्षं एक ओळ होती : ‘बोटीतून मासेमारीचा अनुभव, ताजी शेवंड तुमच्यासमोर.’ ती ओळ मी काढून टाकली आहे. का काढली ते सांगते.

फेब्रुवारीतली सकाळ होती, साडेसातची. बोटीत आमची अकरा माणसं, तांडेल म्हणजे बोट चालवणारा, आणि त्याचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. किनारा अजून दिसत होता. पाण्यातून डोकं वर काढलेल्या एका खडपाजवळ, म्हणजे समुद्रातल्या खडकाजवळ, आदल्या संध्याकाळी जाळं लावून ठेवलेलं होतं. तांडेलानं ते वर ओढायला घेतलं. आधी दोन खेकडे आले, मग शेवाळाचा गुंता, एक तुटकी चप्पल, आणि मग जाळ्यात गुरफटलेली शेवंड. हिरवट करडी, शेपटीवर फिकट पिवळ्या आडव्या रेघा, मिशा हातभर लांब. सोडवताना ती करकरत होती. मिशांच्या बुडाशी घासून ती हा आवाज काढते. गंजलेल्या बिजागरीवर दार फिरावं तसा तो आवाज, आणि एवढ्याशा जिवाचा असूनही बोटीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा.

मुलानं ती उलटी धरली. शेपटीच्या खालच्या बाजूला, पोहायच्या पातळ पापुद्र्यांना चिकटून, केशरी दाण्यांचा गच्च पुंजका होता. संत्र्याची फोड सोलल्यावर आतला गर दिसतो ना, अगदी तो रंग. दाणा मात्र खसखशीएवढा.

आमच्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, “मावशी, हे काय आहे?”

“गाबोळी,” तो मुलगा म्हणाला. “अंडी असतत ती.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मग तर आणखी चवदार लागेल!” टाळ्या झाल्या, फोटो झाले. दीड तासानं किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या शेडमध्ये तिला उभी चिरून, लसूण-लोणी लावून कोळशावर ठेवलं. ती मुलगी ताटावर बसलीच नाही. बिल मी दिलं.

संध्याकाळी मी तांडेलाला एकट्याला गाठून विचारलं, दादा, अंडीवाली सोडता नसती का आली? तो चिडला नाही. म्हणाला, “ताई, मिया सोडलंय तर पाठसून येणारो धरतलो. माका काय गावतला?” मी परत येताना गाडीत रात्रभर या वाक्याचं उत्तर शोधत होते. मला ते सापडलं नाही, कारण ते उत्तर त्याच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. मंत्रिमहोदय, ते आपल्याकडे आहे. सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम असेल, तरच एकट्यानं सोडलेली शेवंड वाया जात नाही.

आता नागपूरची म्हणून एक आठवण देते. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ पसरला आणि अख्खं नागपूर हळहळलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. पिलांबरोबर चाललेल्या आईला अडवू नये, हे आम्हा विदर्भातल्या माणसांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि त्याच आम्ही, मालवणच्या समुद्रात, पोटाखाली लाखो अंडी घेतलेल्या मादीला पाहून टाळ्या वाजवल्या. माणसं तीच होती. फरक एवढाच की जंगलात आम्हाला कुणीतरी नियम सांगितला होता आणि समुद्रात कुणीच सांगितला नाही.

ताडोब्याचं फाटक उघडायच्या आधी काय काय होतं ते आठवा. गाड्यांची संख्या ठरलेली, नोंद झालेली, गाइड बंधनकारक, मंगळवारी जंगल बंद, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद, गाभ्यात मोबाइलला मनाई. हे सगळं लागू झालं तेव्हा मोहर्लीच्या आसपासच्या लोकांनाही वाटलं होतं की पोटावर पाय येतो. आज त्याच गावांमधले तरुण गाइड आहेत, जिप्सी त्यांच्या आहेत, होमस्टे त्यांचे आहेत. जनावर टिकलं म्हणून धंदा टिकला.

शेवंडही जंगली जनावरच आहे. रोहू-कतल्याचं बीज हॅचरीत तयार करून आमच्या तलावांत सोडता येतं, कोळंबीचंही तसंच होतं. शेवंडीचं तसं होत नाही. आपल्याकडे तिची व्यावसायिक हॅचरी नाही. अंड्यातून बाहेर पडलेलं तिचं पिल्लू पारदर्शक, कागदासारखं चपटं असतं आणि कित्येक महिने उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत राहतं. त्यातलं फारच थोडं तगून खडपापर्यंत परत येतं. मग कात टाकत, टाकत वाढायचं. म्हणजे ताटात येणारी प्रत्येक शेवंड समुद्रानं स्वतः वाढवलेली असते. आणि उष्ण समुद्रातल्या या शेवंडी जवळपास वर्षभर अंडी धरतात, त्यामुळे १ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारीबंदी तिला पुरी पडत नाही. फेब्रुवारीतली ती मादी बंदीच्या काळात नव्हतीच.

हे संपू शकतं का, असं कुणी विचारलं तर लांब जायला नको. मुंबईच्या समुद्रात चपट्या तोंडाची, काटे नसलेली एक शेवंड सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ट्रॉलरच्या जाळ्यात भरभरून येऊ लागली. परदेशात मागणी होती, भाव होता. अंडीवाल्या माद्याही त्यातच उपसल्या गेल्या. १९९४ पर्यंत ती मासेमारी जवळजवळ संपली होती. सोळा-सतरा वर्षांत. मत्स्यशास्त्राचे अभ्यासक आजही जास्त उपशानं कोसळलेल्या मासेमारीचं उदाहरण म्हणून तिचं नाव घेतात. ते महाराष्ट्राच्याच पाण्यात घडलेलं आहे.

यावर, “ताई, ती ट्रॉलरची गोष्ट. चार पर्यटक घेऊन जाणाऱ्या होडीनं असं काय होणार?” असं मला मालवणातही विचारलं गेलं. प्रश्न बरोबर आहे. परराज्यातले मोठे ट्रॉलर, मासळी ओढून घेणारे एलईडीचे दिवे, पर्ससीनची मोठी वेढा जाळी यांनी जे केलंय त्याच्यापुढे एक होडी काहीच नाही, आणि त्यांच्यावरची कारवाई ढिली ठेवून होडीवाल्याला पकडायचं असेल तर माझं पत्र फाडून टाका. पण पर्यटकांच्या बोटीची गोष्ट दोन कारणांनी वेगळी आहे. एक, त्या सगळ्या त्याच दोन-चार खडपांवर जातात, कारण पर्यटकाला दोन तासांत परत यायचं असतं. हंगामात रोज, दिवसातून दोनदा-तीनदा. दुसरं, त्या काय पकडतात हे कुठेच लिहिलं जात नाही. बाजारात लिलाव झालेल्या मासळीची निदान कुठे तरी मोजदाद होते. बोटीवर पकडून किनाऱ्यावर भाजून खाल्लेल्या शेवंडीची सरकारदरबारी नोंदच होत नाही. मग कमी झाली की नाही, हे सांगणार तरी कसं?

आणि या नोंदीच्या अभावाचं कारण मला जेवढं समजलं ते असं. प्रवासी बोटीला परवानगी देते महाराष्ट्र सागरी मंडळ. ते बघतं लाइफ जॅकेट, माणसांची संख्या, इंजिन, विमा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले, त्यानंतर हे बघणं कडक झालं आणि व्हायलाच हवं होतं. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद ठेवणारंही तेच. मासेमारी मात्र येते मत्स्यव्यवसाय विभागाकडे, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. २०२१ साली तो कायदा सुधारला गेला, दंड वाढले, आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले. चांगलं झालं. पण त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर मासेमारी नौका आहे. ज्या बोटीचा परवाना प्रवासी आहे आणि जी सकाळी जाळं ओढते, ती कुणाची? सागरी मंडळ म्हणतं मासे आमचा विषय नाही. मत्स्यव्यवसाय विभाग म्हणतो ती मासेमारी नौकाच नाही. मधल्या फटीत शेवंड जाते.

ही फट बुजवायला आज जेवढी सोय आहे तेवढी पूर्वी क्वचितच असेल. मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन्ही खाती एकाच मंत्र्यांकडे आहेत, आणि ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातूनच निवडून आलेले आहेत. मंत्रिमहोदय, दोन कार्यालयांना एका टेबलावर बसवायला आपल्याला कुणाची परवानगी लागणार नाही. त्या खडपांची नावंही आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील.

काय करावं, याबद्दल मला जे वाटतं ते सांगते. मी काही तज्ज्ञ नाही, पण चौदा वर्षं त्या बोटींवर चढते-उतरते आहे.

सगळ्यात आधी, अंडी धरलेली मादी कुठल्याही बोटीवर, पर्यटकांची असो की मासेमारीची, जागच्या जागी सोडायची. याला वजनकाटा लागत नाही, शिक्षण लागत नाही. उलटी केली की दिसतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेवंड पकडणारे अंडीवाल्या मादीच्या शेपटीच्या पंख्याला एक खाच पाडून तिला सोडून देतात. पुढे अंडी नसताना जरी ती कुणाच्या पिंजऱ्यात आली, तरी खाच बघून पुन्हा सोडावीच लागते. तिथल्या मच्छीमारांनी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. आपले गाबीत मच्छीमार त्यांच्याहून कमी जाणते नाहीत. त्यांना फक्त हवी आहे खात्री, की मागून येणाराही सोडेल.

मग आकार. २००३ साली केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं निर्यातीसाठी शेवंडीचं किमान वजन ठरवून दिलं. आपल्या किनाऱ्यावर जी हिरवट, रेघांची शेवंड मुख्यतः सापडते तिच्यासाठी ३०० ग्रॅम, खडपातल्या दुसऱ्या एका जातीसाठी २०० ग्रॅम, चपट्या तोंडाच्या शेवंडीसाठी १५० ग्रॅम. हा नियम देशाबाहेर जाणाऱ्या मालाला आहे. म्हणजे हाँगकाँगच्या ताटात जी लहान शेवंड जाऊ शकत नाही ती माझ्या नागपूरच्या पाहुण्याच्या ताटात खुशाल येते. असं का असावं? राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं, ही मोठी गोष्ट झाली. आता असे नियम पर्यटकांच्या बोटीवरही मोजपट्टीसकट पोचू द्या. फ्लोरिडात शेवंड धरायला पाण्यात उतरणाऱ्याजवळ माप असावंच लागतं. पाठीचं कवच तीन इंचांहून मोठं आहे की नाही हे तिथेच, पाण्यातच बघायचं, आणि एका माणसाला दिवसाला सहा. जॅकेट नसेल तर बोट सोडत नाही ना आपण? तशीच एक प्लास्टिकची मोजपट्टी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि खर्च सगळ्यात कमी. एक वही. न्यूझीलंडमध्ये पर्यटकांना मासेमारीला नेणाऱ्या बोटींची सरकारदरबारी नोंद असते आणि शेवंडीसारख्या ठरावीक जाती किती पकडल्या ते बोटवाल्याला कळवावं लागतं. आपल्याकडे मराठीत एका पानाची नोंद पुरेल : तारीख, खडप, माणसं किती, शेवंडी किती, किती सोडल्या. फेरीला किती शेवंडी ठेवता येतील ती संख्या मच्छीमार सहकारी संस्थांना बसवूनच ठरवा. मुंबईहून किंवा नागपूरहून आकडा पाठवू नका. तो कुणी पाळणार नाही, आणि न पाळणाऱ्यांना मी दोषही देणार नाही.

कारण हे लोक कोण आहेत ते मला दिसतं. पर्यटकांना घेऊन जाणारे पुष्कळ जण मच्छीमारांच्याच घरचे आहेत. जाळ्यात मासळी येईना म्हणून बोटीवर खुर्च्या बसवल्या, छत टाकलं. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं २९ चौरस किलोमीटरचं, तेव्हा या लोकांना विचारलं गेलं नाही अशी खंत मी तिथल्या म्हाताऱ्यांकडून आजही ऐकते. नियम वरून पडला की माणूस त्याच्याकडे शत्रू म्हणून बघतो. ताडोब्याला जो वेळ लागला, जी भांडणं झाली, त्यातून आपण शिकलोय ना? मग तेच पुन्हा कशाला? पहिलं वर्ष दंड नको. वही आणि मोजपट्टी द्या, खात्याचा माणूस महिन्यातून एकदा जेटीवर बसवा, आणि जो बोटवाला अंडीवाली मादी पर्यटकांसमोर सोडून दाखवतो त्याच्या बोटीवर लावायला एक पाटी द्या. माझ्यासारखे सहल नेणारे ती पाटी बघून बोट ठरवतील. मी तर ठरवीनच.

ते सोडणं बघायलाही लोक पैसे देतात, हे मी अनुभवानं सांगते. गेल्या डिसेंबरात मी एका तांडेलाला आधीच सांगून ठेवलं की अंडीवाली आली तर तिचे पैसे मी देते, पण सोडायची. आली. त्यानं ती दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवली, कुठे काय असतं ते सांगितलं, आणि बोटीच्या कडेवरून अलगद पाण्यात ठेवली. शेपटीचा एक फटका मारून ती उलटी, मागच्या मागे, खाली गेली. वर्ध्याचे एक निवृत्त मास्तर होते, ते काठाला वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. त्या दिवशी जेवणात बांगडा होता आणि कुणी तक्रार केली नाही. पण प्रत्येक वेळी मी खिशातून पैसे देऊ शकणार नाही, आणि माझ्यामागून येणारा सहलवाला देणार नाही.

राज्यानं मत्स्यव्यवसायाला नुकताच शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याच्या घरात बियाणाची कोठी वेगळी ठेवतात, कितीही टंचाई आली तरी त्यातलं दळायला काढत नाहीत, हे सभागृहातल्या निम्म्या सदस्यांनी आपल्या आईला करताना पाहिलं असेल. अंडीवाली मादी हे समुद्राचं बियाणंच आहे. विदर्भातल्या आमदारांना माझी वेगळी विनंती आहे. हा विषय कोकणाचा म्हणून सोडून देऊ नका. त्या बोटींवर बसणारी, ती शेवंड मागवणारी माणसं तुमच्या मतदारसंघातली आहेत. मी स्वतः त्यांना नेते.

या अधिवेशनात वेळ कमी असतो हे ठाऊक आहे. कायद्यात दुरुस्ती लगेच होणार नाही, हेही समजतं. पण प्रवासी बोटीच्या परवान्यात ‘अंडीधारी शेवंड ठेवता येणार नाही’ एवढी एक अट घालायला आणि सागरी मंडळ व मत्स्यव्यवसाय विभाग यांची एक संयुक्त बैठक मालवणात, मच्छीमारांसमोर लावायला पुढच्या अधिवेशनाची वाट बघावी लागू नये. अशी बैठक ठरली तर मला कळवा. मी स्वखर्चानं येईन आणि मागच्या रांगेत बसून ऐकेन.

माझा पुढचा गट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो आहे. चोवीस माणसं आहेत, त्यातली सात लहान मुलं. नव्या पत्रकात मी लिहिलंय : ‘बोटीतून खडपांची सफर. शेवंड दिसली तर बघू.’

आपली विश्वासू,
कोकण सहली नेणारी एक नागपूरकर
महाल, नागपूर